पाथरीचे सरपण: बांधावरची बाभूळ आणि शेतातली पऱ्हाटी

परभणी जिल्ह्यात वनक्षेत्र अत्यल्प असल्यामुळे गोदावरी खोऱ्यातील पाथरी तालुक्याचे सरपण, म्हणजे चुलीत जाळावयाचे लाकूड, जंगलातून नव्हे तर बांधावरील बाभळीतून, सर्वत्र माजलेल्या वेड्या बाभळीतून आणि पऱ्हाटी व तुराट्या, अर्थात कापूस व तुरीची वाळलेली झाडे, यांतून येते. 2016 साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर गॅस घरोघरी पोहोचला, तरी सिलिंडर भरण्याचा खर्च, पाणी तापवण्याची गरज, हॉटेलांच्या भट्ट्या आणि अंत्यसंस्कार यांमुळे वखारीतील, म्हणजे लाकूड साठवून विकण्याच्या जागेतील, सरपणाची मागणी टिकून आहे.

या व्यवसायाचे खरे मर्म ओलाव्यात आहे. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते, आणि एक किलो उकळत्या पाण्याची वाफ होण्यास सुमारे 540 किलोकॅलरी उष्णता खर्ची पडत असल्याने, वजनावर ओले लाकूड घेणारा गरीब ग्राहक पाण्याचे पैसे देऊन वर धूरही सोसतो. म्हणून फोडून, हवेशीर रचून, काही महिने वाळवलेले लाकूड विकणे हीच सचोटी मानावी.

पऱ्हाटीच्या गंजी मात्र शेताजवळ साठवणे घातक ठरते, कारण गुलाबी बोंडअळी तिच्यातील किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत राहून पुढील हंगामात कपाशीवर उतरते. तीच पऱ्हाटी वेळीच उपटून, भुगा करून, दाबून तिच्या कांड्या बनवल्यास ‘पांढरा कोळसा’ मिळतो, जो कारखान्यांचे बॉयलर जाळतात.