जुनी नाणी सापडतात कुठे?

"मेटल डिटेक्टर घेतलाय, आता फिरवू कुठे?" असं आम्हाला बरेचदा विचारलं जातं. आज त्याबद्दलच बोलू.

पहिली गोष्ट म्हणजे, जागा यंत्र शोधत नाही. नाण्याएवढी वस्तू त्याला साधारण वीतभर खोलीपर्यंतच कळते, आणि गंजका खिळा असो की बाटलीचं झाकण, ते वाजतंच. जागा आपणच ओळखायची.

कशी? पैसा जिथे या हातातून त्या हातात जातो, तिथेच तो पडतो. आठवडी बाजार, जत्रेचं मैदान, नदीचा उतार, जुनी घाटवाट. दुसरी खूण मातीची. आपल्याकडे शेतजमीन ती काळी आणि वस्ती ती पांढरी. माणसं पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहिली की चुलीची राख आणि पडक्या भिंतींची माती साचून पांढरीचं टेकाड होतं. तेर, पैठण, भोकरदन ही अशीच ठिकाणं. पावसाळ्यात टेकाडाची कड ढासळते, शेतात नांगर फिरतो, आणि खापरं, मणी, कधी एखादं नाणंही वर येतं.

आता तुम्ही म्हणाल, मग चला तेरला! तर थांबा. जिथे नाणी मिळण्याची शक्यता जास्त, तिथेच आपण खणायचं नाही. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत विनापरवानगी खणणं 1958च्या कायद्याने गुन्हा आहे. इतरत्रही मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. आणि 1878चा निखात निधी कायदा सांगतो, की जमिनीत दडलेलं 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं.

एवढं कडक कशाला? नाशिक जिल्ह्यातलं जोगळटेंभी घ्या. 1906मध्ये तिथे क्षत्रप राजा नहपानाची 13 हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र मिळाली. त्यातल्या 9 हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. नहपानाची सत्ता कोणी संपवली, याचा हा धडधडीत पुरावा! हीच नाणी कोणी गुपचूप सोनाराच्या मुशीत घातली असती, तर हाती काय राहिलं असतं? चांदीची लगड.

म्हणून नाणं दिसलं, की आधी जागेचा फोटो घ्या. गाव, गट नंबर, किती खोल, शेजारी काय होतं, हे लिहून ठेवा. चिंच लावून घासू नका. त्याने नाण्यावरची अक्षरं झिजतात. भांडंभर नाणी दिसली तर उकरणं तिथेच थांबवा आणि तहसील कार्यालयात किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा.

नाणं कुठे सापडलं, हे त्या नाण्यावर लिहिलेलं नसतं. ते आपणच लिहून ठेवायचं असतं.

आता तुमचे प्रश्न घेऊया.