गाडीची बॉडी क्रॅक का होते? जाड पत्रा नको, डिझाइन बघा!

फूड ट्रक सुरू करायचाय? डिलिव्हरीसाठी टेम्पोची बॉडी बांधून घ्यायचीय? मग कोटेशन मागण्याआधी हे वाचा. बॉडीला तडा गेला की वेल्डिंगचा खर्च होतोच, पण गाडी उभी राहते आणि धंदा बंद पडतो. खरं नुकसान ते असतं.

बॉडी तुटते कशी?
बॉडी सहसा एका झटक्यात तुटत नाही. खड्डे, ब्रेक, वळणं यांचा थोडा थोडा ताण लाखो वेळा येतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच. याला फटीग म्हणतात.

"मग जाड पत्रा टाकू!" असं अनेकांना वाटतं. पण त्याने वजन वाढतं, डिझेल जास्त लागतं, माल कमी बसतो. आणि ताण गोळा होणारी जागा तशीच राहते. साध्या गोल भोकाच्या कडेलाही ताण सुमारे तिप्पट होतो. टोकदार कोपऱ्यात तर त्याहून जास्त.

चार बदल करून घ्या
1. खिडकी, दरवाजा कापताना कोपरे गोल ठेवा आणि चारही बाजूंनी फ्रेम द्या.
2. वेल्डिंगचा जोड कोपऱ्यात नको, थोडा लांब घ्या. तडा बहुतेक वेळा वेल्डच्या कडेलाच सुरू होतो.
3. चॅसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नका, वेल्डिंग करू नका. चॅसिस वाकते तेव्हा सर्वांत जास्त ताण तिथेच येतो. गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या जागीच ब्रॅकेट बसवा.
4. आधाराची पट्टी मध्येच तोडू नका. टोक निमुळतं करा, नाहीतर तडा तिथूनच जातो.

फायदा किती?
वेल्ड केलेल्या जोडाचा ढोबळ हिशोब लक्षात ठेवा: ताण 20 टक्के कमी झाला, तर आयुष्य जवळपास दुप्पट होतं. उलट, महागडं हाय-स्ट्रेंथ स्टील आणलं तरी वेल्डच्या जागी फटीगमध्ये फारसा फरक पडत नाही.

आता धंद्याची गोष्ट. फॅब्रिकेटरचा दर किलोवर असेल, तर जास्त लोखंडाचे पैसे त्याला मिळतात आणि वजन रोज तुम्ही वाहता. म्हणून काम ड्रॉइंगवर ठरवा. "कोपरे कसे कापणार? जोड कुठे येणार? चॅसिसला बॉडी कशी धरणार?" हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं कोटेशनमध्येच लिहून घ्या. मगच अॅडव्हान्स द्या!