तोरणमाळच्या चढावर १,०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन

शहाद्याकडील तापीकाठचे मैदान आणि सातपुड्यातील तोरणमाळचे पठार यांच्या उंचीत सुमारे १,००० मीटरचा फरक आहे. मैदानात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो, तर समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंचीवरच्या तोरणमाळला हवेचा दाब मैदानापेक्षा दहाएक टक्क्यांनी कमी असतो. उष्मा, दीर्घ चढ आणि विरळ हवा या तिन्ही गोष्टी एकाच प्रवासात एकत्र येत असल्यामुळे, जुन्या पेट्रोल मोटारीच्या इंजिनाची मापे आणि त्याच्या नेहमीच्या तक्रारी यांचा संबंध कसा असतो, हे या रस्त्याच्या आधाराने फार स्पष्टपणे मांडता येते. त्यासाठी निवडलेले इंजिन महाराष्ट्रातच तयार होत असे, कारण फियाट ११०० डी आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या नावांनी ओळखली गेलेली मोटार वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात २००० सालाच्या सुमारापर्यंत बनत होती. शहादा आणि तोरणमाळ ज्यात येतात तो नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला, तेव्हा या मोटारीची अखेरची वर्षे चालू होती. म्हणून जिल्ह्यातील जुन्या फियाट गाड्यांच्या पाटीवर आजच्या ‘एमएच ३९’ऐवजी धुळ्याचा ‘एमएच १८’ किंवा त्याहून जुना क्रमांक आढळणे स्वाभाविक आहे.

या इंजिनाचा आराखडा मोटारीहून बराच जुना आहे. ६८ मिलिमीटर व्यासाचे चार सिलिंडर आणि त्यांत ७५ मिलिमीटर वरखाली होणारे पिस्टन ही मापे इटलीतील फियाट कंपनीने १९३७ च्या ५०८ सी या मोटारीत वापरली होती. सिलिंडरच्या तोंडाचे क्षेत्रफळ ३६.३ चौरस सेंटिमीटर भरते, त्याला ७.५ सेंटिमीटर आणि चार सिलिंडर यांनी गुणले की सुमारे १,०८९ घनसेंटिमीटर हे आकारमान मिळते. भारतीय आवृत्तीची शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती होती आणि ती मिनिटाला सुमारे ४,८०० फेऱ्यांवर मिळत असे. त्या वेगाला पिस्टनची सरासरी गती सेकंदाला १२ मीटर होते, जी आजच्या मानानेही सौम्य आहे. कॅमशाफ्ट इंजिनाच्या पोटात असून तिच्यावरून पुशरॉड आणि रॉकर यांच्यामार्फत डोक्यातील झडपा उघडतात, आणि सिलिंडरमधले मिश्रण त्याच्या मूळ आकारमानाच्या सातव्या-आठव्या भागापर्यंतच दाबले जाते. एवढ्या कमी दाबावर आणि मंद गतीवर चालणाऱ्या इंजिनाला कमकुवत म्हणणे अन्यायाचे आहे. त्याच्या रस्त्यावरील बहुतेक तक्रारी शक्तीच्या नसून उष्णतेच्या असतात, आणि उष्णता नेमकी कोठे साठते हे कळले की त्या तक्रारींचे गूढ उरत नाही.

प्रथम उष्णतेचे मोजमाप केले पाहिजे. सुमारे ९०० किलोग्रॅमची ही मोटार पाच माणसांसह १,२५० किलोग्रॅमच्या घरात जाते, आणि तेवढे वजन १,००० मीटर वर चढवण्यासाठी १.२ कोटी ज्यूलहून थोडी अधिक ऊर्जा लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३.२ कोटी ज्यूल ऊर्जा असली, तरी असे इंजिन तिचा जेमतेम पाचवा भाग चाकांपर्यंत पोचवते. म्हणजे वाऱ्याचा आणि टायरचा रोध बाजूला ठेवला तरी केवळ उंची गाठण्यासाठी सुमारे दोन लिटर पेट्रोल जाते. त्यातील साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे दोन कोटी ज्यूल, इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरतो. रेडिएटरने ती उष्णता हवेत टाकली नाही, तर उकळत्या आठ-नऊ लिटर पाण्याची वाफ करण्याइतकी ती आहे. सपाट रस्त्यावर गाडीच्या वेगामुळे रेडिएटरवर आपोआप वारा येतो, परंतु घाटात वेग घटतो आणि सर्व भार पट्ट्याने फिरणाऱ्या पंख्यावर पडतो. हा पंखा इंजिनाच्याच वेगाशी बांधलेला असल्यामुळे, वरच्या गिअरमध्ये रेंगाळत चढणाऱ्या गाडीचा पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही नेमके गरजेच्या वेळी मंदावतात, म्हणून स्टिअरिंगजवळच्या दांड्याने वेळेआधीच खालचा गिअर टाकणारा चालक इंजिनावर उपकारच करत असतो. शिवाय उंचीच्या दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. झाकणाची स्प्रिंग सैल पडून रेडिएटरमध्ये दाब टिकत नसेल, तर तोरणमाळजवळ पाणी ९६ अंशांनाच उकळू लागते.

वाढलेल्या तापमानाचा पहिला बळी बहुधा हेड गॅस्केट ठरते. इंजिनाचा खालचा ठोकळा बिडाचा आणि डोके अॅल्युमिनियमचे आहे, आणि तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुपटीने प्रसरण पावते. साधारण ४० सेंटिमीटर लांबीचे डोके ८० अंशांनी तापले, तर त्याच्या आणि ठोकळ्याच्या वाढीत एक तृतीयांश मिलिमीटरहून अधिक फरक पडतो, आणि तो फरक दोहोंमध्ये दाबून बसवलेल्या गॅस्केटला दर वेळी सोसावा लागतो. नेहमीच्या तापमानाला ती हे वर्षानुवर्षे सोसते. एकदा पाणी आटून डोके बेसुमार तापले की मात्र अॅल्युमिनियमचा पृष्ठभाग वाकतो, गॅस्केट दोन सिलिंडरांमध्ये किंवा पाण्याच्या वाटेशी जळते, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, नळीतून पांढरा धूर निघतो आणि पाणी मिसळल्याने तेल दुधाळ होते. अशा वेळी नुसती नवी गॅस्केट बसवून भागत नाही, यंत्रशाळेत डोक्याचे फेसिंग करून पृष्ठभाग पुन्हा सपाट करावाच लागतो. लाल झालेल्या काट्याला घाबरून तापल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतणे हा तर हमखास नुकसानीचा मार्ग आहे. बोअरवेलचे जड पाणी वर्षानुवर्षे घातल्याने आतून चुन्याचा जो थर साचतो, त्यातून उष्णता धातूच्या तुलनेत फारच सावकाश पार होते, म्हणून रेडिएटर भरलेला दिसत असूनही इंजिन तापते.

दुसरी प्रसिद्ध तक्रार म्हणजे भर उन्हात गाडी अचानक बंद पडणे. पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण असून त्यातील हलके घटक ३५ ते ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप कॅमशाफ्टवर चालतो आणि म्हणून तो थेट इंजिनाच्या अंगावर बसवलेला असतो. त्यात भर अशी की पंप ओढत असताना नळीतला दाब घटतो आणि कमी दाबाखाली द्रव लवकर उकळतो. नळीत वाफ झाली की पंपाचा पडदा ती वाफच दाबत-सोडत राहतो आणि कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचत नाही. घाट चढून चहासाठी थांबलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा अधिक दगा देते, कारण इंजिन थांबताच पाण्याचे अभिसरण आणि पंख्याचा वारा थांबतो, पण तापलेल्या लोखंडातील उष्णता पंपाकडे येतच राहते. पंपावर ओले फडके गुंडाळण्याचा चालकांचा जुना उपाय शास्त्राच्या कसोटीला पूर्णपणे उतरतो. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २३ लाख ज्यूल उष्णता ओढून घेते, आणि खानदेशाच्या कोरड्या उन्हाळ्यात हे बाष्पीभवन किनारपट्टीच्या दमट हवेपेक्षा कितीतरी जोमाने होते.

ठिणगीच्या व्यवस्थेतील तक्रारी किरकोळ, पण सततच्या असतात. मिनिटाला ४,८०० फेऱ्यांवर चार सिलिंडरांना सेकंदाला १६० ठिणग्या लागतात आणि प्रत्येक ठिणगीसाठी डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट उघडतात. त्यांतील अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची फट झिजेने बदलली, किंवा कंडेन्सर निकामी झाल्याने पॉइंट जळाले, की इंजिन अडखळते. कानस, फीलर गेज आणि नवा कंडेन्सर एवढ्यावर ते पुन्हा सुरळीत होते.

अलीकडची अडचण इंधनातून आली आहे. उसासारख्या पिकांपासून मिळणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते, आणि शहादा तालुक्यासारख्या ऊस पिकवणाऱ्या भागाला त्याचे अर्थकारण वेगळे सांगायला नको. परंतु १९३७ च्या आराखड्याला या इंधनाची कल्पना नव्हती. पूर्ण ज्वलनासाठी एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे ९ किलो पुरते. म्हणून २० टक्के मिश्रणाला साधारण १३.५ किलो हवा हवी असते. पेट्रोलसाठी बेतलेला कार्बोरेटरचा जेट हा बदल ओळखू शकत नाही आणि मिश्रण सुमारे आठ टक्क्यांनी पातळ होते, परिणामी थंड इंजिन सुरू होण्यास त्रास देते आणि ओढ कमी पडते. गंमत अशी की विरळ हवेत तोच जेट मिश्रण पाच-सहा टक्क्यांनी घट्ट करतो, त्यामुळे या इंधनावर पातळ पडलेला कार्बोरेटर शहाद्यापेक्षा तोरणमाळला अधिक बरोबर वागतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळल्याने बाष्पदाबही वाढतो, म्हणजे नळीत वाफ होण्याची जुनी तक्रार बळावते. इथेनॉलचा दाबास टिकण्याचा गुण उत्तम असला, तरी मुळातच कमी दाबावर चालणाऱ्या या इंजिनाला त्याचा लाभ होत नाही.

याहून गंभीर परिणाम रबरी भागांवर होतो. पंपाचा पडदा, नळ्या आणि कार्बोरेटरची वायसरे जुन्या प्रकारच्या रबराची असतील तर ती फुगतात, चिरतात आणि गळू लागतात. पंप इंजिनाच्या अंगावरच असल्याने ही गळती आगीला निमंत्रण देते. म्हणून हे भाग इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घेणे ही आज अशा गाडीची पहिली दुरुस्ती मानली पाहिजे, रंग आणि सीटकव्हर त्यानंतर. इथेनॉल हवेतील ओलावाही शोषते. पावसाळ्याचे चार महिने अर्ध्या टाकीनिशी उभ्या राहिलेल्या गाडीत पुरेसे पाणी गेले, तर पाणी आणि इथेनॉल यांचा जड थर पेट्रोलपासून वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो, आणि नळीचे तोंडही तेथेच असल्यामुळे दसऱ्याला गाडी सुरू करताना पंपाकडे पहिल्यांदा तोच थर जातो. अशा गाडीची किल्ली फिरवण्यापूर्वी टाकीचा तळ आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करून थोडे ताजे इंधन भरावे लागते.