मध्यरेषेवरच्या गाठी

परळला टाटा रुग्णालयासमोरच्या जेरबाई वाडिया रस्त्यावर सकाळी नऊला जा. ज्याच्या त्याच्या हातात कोपरे फाटलेलं एक मोठं पाकीट असतं. आत एक्स-रे, सीटी, एमआरआयच्या फिल्मा. एखादा काळी फिल्म उन्हाकडे धरून बघत असतो. कळत काही नाही, पण बघितल्याशिवाय राहवत नाही.

त्यातल्या फार थोड्या पाकिटांत बीजपेशींच्या गाठी असतात. डॉक्टरांच्या तोंडी 'जर्म सेल ट्यूमर'. ज्या पेशींतून पुढे स्त्रीबीज किंवा शुक्राणू व्हायचे, त्यांच्यातून या उठतात. मग त्या कवटीत, छातीत कशा सापडतात? प्रचलित उत्तर असं: गर्भाच्या चौथ्या ते सहाव्या आठवड्यात या पेशी पीतक पिशवीच्या भिंतीतून निघतात आणि आतड्याच्या कडेने सरकत आपल्या जागी पोचतात. काही वाटेतच रेंगाळतात, काही भरकटतात. वाट शरीराच्या मधोमध, म्हणून अंडाशय-वृषण सोडले तर या गाठी बहुधा मध्यरेषेवरच भेटतात: मेंदूत पिनिअल आणि पिच्युटरीपाशी, उरोस्थीच्या मागे, मणक्यापुढे, माकडहाडाशी. रेडिओलॉजिस्टला हा आयता नकाशाच. तरुणाच्या छातीत मधोमध गोळा दिसला की वृषणाची सोनोग्राफीही सांगतात आणि घरचे चक्रावतात. खोकला छातीत, तपासणी भलतीकडेच!

लहान मुलांत पिच्युटरीपाशी उठणारी ही गाठ फार फसवते. पोरगं दिवसरात्र पाणी पितं, सारखं लघवीला जातं. शाळेत बाई रागावतात, घरी साखर तपासतात, साखर ठीक. एमआरआयवर पिच्युटरीच्या मागच्या भागात एरवी एक पांढरा ठिपका चमकतो. तो विझलेला असतो. गाठ मात्र दिसत नाही, कधी कधी कित्येक महिने दिसत नाही. अशा वेळी 'एमआरआय नॉर्मल' म्हणून पाकीट माळ्यावर टाकणं महागात पडतं. ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा फोटो काढावा लागतो. जोडीला रक्तातले आणि पाठीतल्या पाण्यातले दोन मार्कर बघतात, एएफपी आणि बीटा एचसीजी. ते पुरेसे चढलेले असले तर मेंदूत सुई घालून तुकडा काढण्याची वेळही टळू शकते.

माकडहाडाची गाठ साधारण 35 ते 40 हजार जन्मांत एक. आता ती बऱ्याचदा आईच्या पोटातच, सोनोग्राफीत सापडते. मुलींत ती तिप्पट-चौपट जास्त, आणि ती दाखवणारं यंत्र तेच, ज्यावर मुलगा की मुलगी हे सांगायला महाराष्ट्राने 1988 साली, देशात सर्वांत आधी, कायद्याने बंदी घातली. जन्मतः ही गाठ बहुधा साधी असते; राहू दिली तर महिन्यामहिन्याने बिघडण्याचा धोका वाढतो. इथे रक्तही गोंधळात टाकतं, कारण तान्ह्या बाळाचं एएफपी मुळातच चढं असतं.

टेराटोमा जातीच्या गाठीत चरबी, केस, चक्क दातही निघतात. चरबी आणि चुना एकाच गोळ्यात दिसले की सीटी वाचणाऱ्याचा अर्धा निकाल तिथेच लागतो. कधी मात्र निकाल इतका सोपा नसतो. जानेवारी 2025 मध्ये बुलढाण्याच्या जिल्हा महिला रुग्णालयात सोनोग्राफी करताना गर्भाच्या पोटात दुसरा अर्धवट गर्भ दिसला. असं काही दिसलं की तज्ज्ञ मणका शोधतात. मणका असला तर तो गर्भ, नाहीतर टेराटोमा. काहींच्या मते मात्र असा गर्भही टेराटोमाचाच टोकाचा प्रकार.

पेट स्कॅनची गोष्ट खास परळची. भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर इथे 1963 पासून आहे. देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पेट यंत्र 2002 साली इथेच आलं. स्कॅनसाठी टोचायच्या साखरेतलं, सायक्लोट्रॉनमध्ये बनणारं फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मं होतं, म्हणून ती जवळ बनलेली बरी. (मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये 110 मिनिटं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.) सेमिनोमा या प्रकारात केमोनंतर तीन सेंटिमीटरहून मोठा गोळा उरला, तर तो जिवंत आहे की नुसता वण, हे पेट बऱ्यापैकी सांगतं. परिपक्व टेराटोमा मात्र ही साखर घेत नाही. पेटवर अंधार, आत गाठ शाबूत. ती कापूनच काढावी लागते.

एवढा खटाटोप करायचा, कारण या गाठी बऱ्या होतात. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी 1974 साली अमेरिकेत वृषणाच्या कर्करोगावर सिस्प्लॅटिन इतर औषधांच्या जोडीने वापरलं, तेव्हापासून फुप्फुसात पसरलेले रुग्णही बरे होऊ लागले. आणि वृषणाची गाठ शोधायला सायक्लोट्रॉन लागत नाही, कोपऱ्यावरच्या सेंटरमधली सोनोग्राफी पुरते. पंधरा ते पस्तिशीतली पोरं ती करून घ्यायला लाजतात, सहा-सहा महिने कुणाला सांगत नाहीत. बरं, सांगितलं तरी कुणी तिथेच सुई खुपसून बघितलं तर पेशी नव्या वाटेने पसरायची भीती. शस्त्रक्रिया जांघेतूनच करायची असते.

बाहेरगावचे रुग्ण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात, काही परळच्या नाना पालकर स्मृती समितीत. रिपोर्टच्या तळाशी इंग्रजीत एक ठरलेली ओळ असते: रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावं. फिल्मा गादीखाली सपाट ठेवतात, वाकू नयेत म्हणून. पाकिटावर बॉलपेनने पुढची तारीख.