शेकडेवारी आणि रक्कम : वेतनवाढीच्या युक्तिवादांची तर्कशास्त्रीय चिकित्सा

वेतनवाढीच्या वादात एक युक्तिवाद वारंवार आढळतो. ‘अ’ वर्गाच्या वेतनात शेकडा २० वाढ झाली, ‘ब’ वर्गाच्या वेतनात शेकडा १०. म्हणून ‘अ’ वर्गातील कर्मचाऱ्यास अधिक पैसे मिळाले. दोन्ही आधारविधाने सत्य असूनही येथे निष्कर्ष असत्य ठरू शकतो. ‘अ’ चे साप्ताहिक वेतन १०० डॉलर व ‘ब’ चे ३०० डॉलर असेल, तर पहिल्याची वाढ २० डॉलर आणि दुसऱ्याची ३० डॉलर होते. अर्थात हा युक्तिवाद अवैध होय.

दोषाचे मूळ ‘वाढ’ या शब्दाच्या द्व्यर्थी उपयोगात आहे. शेकडेवारी ही रक्कम नव्हे. ते दोन रकमांचे गुणोत्तर आहे. पूर्वीचे वेतन, वाढीची शेकडेवारी आणि वाढीची रक्कम या तीन राशींपैकी कोणत्याही दोन ज्ञात असल्यास तिसरी निश्चित होते. केवळ एकीवरून दुसरीचा निश्चय होत नाही. वरील युक्तिवादात पूर्वीच्या वेतनाविषयीचे विधान अध्याहृत राहिले आहे. ‘ब’ चे वेतन ‘अ’ च्या दुपटीहून कमी होते, असे ते विधान स्पष्टपणे मांडून सिद्ध केले, तर निष्कर्ष अवश्य निघतो. म्हणजे शेकडेवारीची तुलना सर्वस्वी निरुपयोगी नाही. ती अपुरी आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील किमान वेतनाचा इतिहास या भेदाचे उत्तम उदाहरण आहे. १९३८ च्या संघीय कायद्याने तेथे किमान वेतन दर तासास २५ सेंट ठरले. जानेवारी १९५० मध्ये ते ४० सेंटांवरून ७५ सेंटांवर गेले. ही वाढ ३५ सेंटांची, परंतु शेकडा ८७.५ होती. पुढे जुलै २००७ मध्ये ते ५.१५ डॉलरांवरून ५.८५ डॉलर झाले. ही वाढ ७० सेंटांची, म्हणजे पहिलीच्या दुप्पट. शेकडेवारी मात्र केवळ १३.६. कोणती वाढ मोठी, या प्रश्नास मापक सांगितल्याखेरीज उत्तरच नाही.

२००७ च्या वाढीनंतरचे दोन टप्पे अधिक उद्बोधक आहेत. जुलै २००८ मध्ये वेतन ६.५५ डॉलर व जुलै २००९ मध्ये ७.२५ डॉलर झाले. तिन्ही वेळा वाढ ७० सेंटांचीच होती; तथापि शेकडेवारी अनुक्रमे १३.६, १२.० व १०.७ अशी उतरत गेली. ‘वाढ दरवर्षी घटत गेली’ आणि ‘वाढ दरवर्षी तेवढीच राहिली’ ही दोन विधाने वरकरणी परस्परविरोधी दिसतात. वस्तुतः ती दोन भिन्न राशींविषयी असल्याने दोन्ही सत्य आहेत. शिवाय या तीन शेकडेवाऱ्यांची बेरीज ३६.३ भरते, परंतु ५.१५ वरून ७.२५ ही एकूण वाढ शेकडा ४०.८ आहे. प्रत्येक शेकडेवारीचा पाया निराळा असल्यामुळे त्यांची बेरीज करणे अनुचित होय.

यावरून शेकडेवारी फसवी आणि रक्कम तेवढी खरी, असे अनुमान काढणे हाही दोषच ठरेल. १९५० ते २००७ या काळात अमेरिकेतील ग्राहक किंमत निर्देशांक आठपटींहून अधिक वाढला. म्हणून १९५० मधील ३५ सेंटांची क्रयशक्ती २००७ मधील २.८० डॉलरांहूनही अधिक भरते. नाममात्र रकमेने दुप्पट दिसणारी नंतरची वाढ क्रयशक्तीच्या दृष्टीने पहिलीच्या चतुर्थांशाहूनही कमी होती. त्याचप्रमाणे २००९ नंतर २०२४ अखेरपर्यंत संघीय किमान वेतन ७.२५ डॉलरच राहिले. या काळात वाढीची रक्कम व शेकडेवारी दोन्ही शून्य असली, तरी किमती चढत गेल्याने प्रत्यक्ष वेतन घटतच गेले.

या भेदाचे महत्त्व ‘समान वाढ’ या मागणीत सर्वाधिक जाणवते. एका कर्मचाऱ्यास ताशी १० डॉलर व दुसऱ्यास ४० डॉलर मिळतात, असे समजावे. दोघांस शेकडा १० वाढ दिल्यास वेतन ११ व ४४ डॉलर होते. गुणोत्तर चौपट राहते, परंतु अंतर ३० वरून ३३ डॉलरांवर जाते. दोघांस प्रत्येकी २.५० डॉलर दिल्यास वेतन १२.५० व ४२.५० डॉलर होते. अंतर ३० डॉलरच राहते, परंतु गुणोत्तर ३.४ वर येते. मालकावरील भार दोन्ही योजनांत ५ डॉलरच आहे आणि दोन्ही योजनांस ‘समान’ हे विशेषण यथार्थपणे लावता येते. तथापि अल्पवेतनी कर्मचाऱ्याच्या पदरी पहिल्या योजनेत १ डॉलर पडतो आणि दुसरीत अडीच.

यांपैकी कोणती समानता न्याय्य, हे ठरविणे तर्कशास्त्राच्या कक्षेबाहेरचे आहे. तो नीतीचा व अर्थकारणाचा विषय होय. परंतु एका अर्थाने सिद्ध केलेली समानता दुसऱ्या अर्थाने पदरात टाकली जात असेल, तर ते दाखवून देणे हे तर्कशास्त्राचे निःसंशय कर्तव्य आहे. त्यासाठी वाढीविषयीच्या प्रत्येक विधानास तीन प्रश्न विचारणे पुरेसे आहे : शेकडेवारी कशाची, रक्कम किती, आणि निष्कर्ष या दोहोंपैकी कोणाविषयी? आधारविधाने एका राशीविषयी आणि निष्कर्ष दुसरीविषयी असेल, तर मधले अध्याहृत विधान हुडकून काढावे व ते सत्य आहे किंवा नाही हे आधी तपासावे.