पृष्ठचालित वाहने आणि निसरडा रस्ता : ठाणे-कल्याण परिसरातील पावसाळ्याच्या संदर्भात

वाहनाचे इंजिन कितीही समर्थ असले, तरी त्याचे सामर्थ्य अखेरीस टायर ज्या तळहाताएवढ्या जागेवर रस्त्याला टेकतो, त्या जागेतूनच कार्य करीत असते. ही जागा कोरडी व खडबडीत असेपर्यंत चालकाला तिची आठवण होत नाही. ती निसरडी झाली म्हणजे मात्र वाहनाची रचना आणि चालकाची सवय या दोहोंची कसोटी लागते. ज्या देशांत हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ साचते, तेथे मागील चाकांना गती मिळणारी मोटार हाकणे हे एक स्वतंत्र कौशल्य मानले जाते. ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांत बर्फ पडत नाही. परंतु येथे वर्षाकाठी सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यत्वे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आणि येथील रस्त्यांवरील बहुसंख्य वाहने मागील चाकांनीच चालतात. म्हणून हिमप्रदेशातील अनुभवाचा अभ्यास या परिसरालाही उपयुक्त ठरतो.

ज्या वाहनात इंजिनाची शक्ती मागील चाकांना दिलेली असते त्यास येथे ‘पृष्ठचालित’ आणि ज्यात ती पुढील चाकांना दिलेली असते त्यास ‘अग्रचालित’ असे म्हटले आहे. भारतातील जुन्या मोटारी, म्हणजे ॲम्बॅसडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी, पृष्ठचालित होत्या. १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० अग्रचालित होती. १९९० नंतरच्या दशकात कल्याण-डोंबिवलीच्या कारखान्यात काही काळ तयार झालेली प्यूजो ३०९ हीही त्याच जातीची. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीनेही निरोप घेतला. यावरून पृष्ठचालित वाहनांचा काळ सरला असा समज होणे स्वाभाविक आहे. पण तो बरोबर नाही. मोटारसायकल, स्कूटर, ऑटोरिक्षा, मालट्रक आणि एस.टी. बस ही सर्व वाहने पृष्ठचालितच आहेत.

घर्षणाचे प्रमाण

टायर रस्त्याला जास्तीत जास्त किती बलाने धरू शकतो, हे चाकावरील भार आणि घर्षणगुणक यांच्या गुणाकारावरून ठरते. कोरड्या डांबरी रस्त्यावर हा गुणक स्थूलमानाने ०.७ असतो, चांगल्या ओल्या रस्त्यावर ०.४ च्या आसपास येतो आणि गुळगुळीत बर्फावर ०.१ पर्यंत घसरतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन ब्रेक लागल्यानंतर या तीन परिस्थितींत अनुक्रमे सुमारे ९, १६ व ६३ मीटरांवर थांबेल. चालकाला धोका ध्यानात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला असे धरल्यास प्रत्येक अंतरात आणखी ११ मीटरांची भर पडते.

आता चढाचा विचार करू. ज्या मोटारीचे निम्मे वजन मागील चाकांवर आहे, ती बर्फावर २० स १ यापेक्षा तीव्र चढ चढू शकत नाही; चाके जागच्या जागी फिरू लागतात. ओल्या डांबरी रस्त्यावर मात्र हीच मर्यादा ५ स १ च्या आसपास असते, आणि इतका चढ सार्वजनिक रस्त्यावर क्वचितच आढळतो. या फरकातच प्रश्नाचे मर्म आहे. बर्फ आपला निसरडेपणा वाहन सुरू होतानाच जाहीर करते आणि चालक सावध होतो. ओला रस्ता तसे करीत नाही. वाहन सुरळीत सुटते, चढही चढते. पकड उणावली आहे ही गोष्ट चालकाला प्रथम कळते ती वळणावर किंवा ब्रेक दाबल्यावर, म्हणजे चूक सुधारण्यास अवधी उरलेला नसताना.

एक पकड, दोन कामे

टायरची पकड हे एक मर्यादित भांडवल आहे. पुढे ढकलणे किंवा थांबविणे हे एक काम, आणि वळणावर वाहनाला बाजूला घसरू न देणे हे दुसरे. दोन्ही कामे त्याच भांडवलातून होतात. एकूण पकड १०० मानली आणि तीपैकी ६० गती देण्यात खर्च झाली, तर आडव्या दिशेसाठी ८० शिल्लक राहते. ९० खर्च झाली तर केवळ ४४. आणि चाक गरगर फिरू लागले किंवा ब्रेकने जखडले गेले, तर जवळजवळ काहीच राहत नाही. अग्रचालित वाहनात गती देताना हा अतिरेक पुढील चाकांवर होतो व वाहन वळण्याऐवजी सरळ जाऊ पाहते. पृष्ठचालित वाहनात तो मागे होतो. मग मागचा भाग वळणाच्या बाहेर फेकला जातो आणि वाहन स्वतःभोवती फिरू लागते. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडणे, ब्रेक न दाबणे आणि मागचा भाग ज्या बाजूस घसरत असेल त्या बाजूस स्टिअरिंग हलकेच वळविणे, हा हिमप्रदेशातील चालकांचा नियम येथेही तितकाच लागू पडतो.

उतारावर आणखी एक धोका संभवतो. वेग कमी करण्यासाठी एकदम खालचा गिअर टाकला, तर इंजिनाचा रोध केवळ मागील चाकांवर पडतो व ती क्षणभर जखडली जाऊ शकतात. घोडबंदर मार्गावरील गायमुख घाटात किंवा कल्याण-मुरबाड मार्गाने पुढे लागणाऱ्या माळशेज घाटात पावसाळ्यात उतरताना योग्य तो गिअर उताराच्या आधीच टाकणे इष्ट होय.

वाहनपरत्वे भेद

मालट्रकाच्या बाबतीत भाराची वाटणी महत्त्वाची ठरते. २०१८ च्या सुधारित मर्यादेप्रमाणे दोन आसांच्या ट्रकाचे भारासह वजन १८.५ टन असू शकते आणि त्यापैकी ११.५ टन मागील आसावर येऊ शकतात. भरलेल्या ट्रकाची मागील चाके त्यामुळे रस्त्याला घट्ट टेकतात. ट्रक रिकामा झाला की ही वाटणी पालटते. तोच चालक, तोच रस्ता आणि तेवढाच ब्रेक असूनही मागील चाके सहज जखडतात. भिवंडीच्या गोदामांत माल उतरवून मुंब्रा बाह्यवळणाने परतणाऱ्या ट्रकाने जाताना होता त्यापेक्षा कमी वेग ठेवावा, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटणारे विधान या कारणाने यथार्थ ठरते.

ऑटोरिक्षाचे इंजिन मागे असल्याने मागील चाकांना पुरेसा भार मिळतो. पण दिशा देणारे एकमेव पुढील चाक हलके राहते आणि निसरड्या वळणावर ते आज्ञा पाळीत नाही. शिवाय मागील दोन चाकांमधील डिफरन्शियल दोहोंना सारखेच बल देते. एक चाक चिखलात फिरू लागले, की दुसऱ्या चाकाला कोरड्या जमिनीवर असूनही तेवढेच तुटपुंजे बल मिळते. अशा वेळी ॲक्सिलरेटर वाढविण्याने चाक अधिकच रुतते.

दुचाकीला तर घसरल्यावर सावरण्याची संधीच अल्प असते, आणि शेजारून जड वाहन जात असेल तर साध्या घसरणीचेही पर्यवसान मृत्यूत होऊ शकते. १२५ घनसेंटिमीटरपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून चाक जखडू न देणारी ब्रेकयंत्रणा सक्तीची झाली. ही यंत्रणा चाक जखडू देत नाही. परंतु रस्त्यावर नसलेली पकड तीही निर्माण करू शकत नाही. विजेवर चालणाऱ्या स्कूटरची मोटर सुटतानाच भरपूर बल देते, म्हणून त्या स्कूटरवर मूठ अधिकच हलक्या हाताने पिळावी लागते.

रस्त्याची जबाबदारी

सर्वांत निसरडा पाऊस हा पहिला पाऊस असतो. उन्हाळाभर साचलेली धूळ, रबराचा चुरा व तेलाचे थेंब पहिल्या सरीत कालवले जाऊन त्यांचा पातळ लेप तयार होतो. पुढील मुसळधार पाऊस तो धुऊन नेतो. याखेरीज पांढरे पट्टे, उड्डाणपुलांच्या सांध्यांवरील लोखंडी पट्ट्या, गटारांची झाकणे, झिजलेले पेव्हर ब्लॉक आणि बांधकामावरून निघालेल्या डंपरांच्या चाकांतून सांडलेली माती ही ठिकाणे सभोवतालच्या रस्त्यापेक्षा अधिक निसरडी असतात. सरळ रस्त्यावर ती निभावतात. वळणावर, जेथे पकडीची दोन्ही कामे एकाच वेळी चालू असतात, तेथे ती घातक ठरतात.

या बाबतीत रेल्वेचे उदाहरण उद्‌बोधक आहे. कल्याणहून नाशिककडे जाणारा लोहमार्ग १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीस पोहोचला. तेथील चढ ३७ स १ इतका आहे, आणि लोखंडावर लोखंडाची पकड तर रबराहून पुष्कळच कमी. म्हणून कसाऱ्यापासून गाडीला मागून जादा इंजिने जोडण्याची प्रथा पडली. चाके घसरू लागल्यास रुळांवर वाळू सोडण्याची सोयही इंजिनांत असते. पकड अपुरी आहे हे तेथे प्रारंभीच गृहीत धरले गेले आणि तिची तरतूद चालकाच्या कौशल्यावर न सोपविता व्यवस्थेने केली.

रस्त्यावर ही तरतूद दोघांनी वाटून घ्यावयाची आहे. कायद्याने मोटारी, बस व ट्रक यांच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर आणि दुचाकी व तीनचाकी यांची ०.८ मिलिमीटर खोल असावी लागते. पावसाळ्यापूर्वी ती तपासणे, ब्रेक व गती यांचा वापर वळणाआधी आटोपणे आणि पुढील वाहनापासूनचे अंतर दुप्पट करणे, हा चालकाचा भाग होय. वळणावरील माती हटविणे, झिजलेले ब्लॉक बदलणे आणि पट्ट्यांसाठी खडबडीत रंग वापरणे, हा रस्ता सांभाळणाऱ्यांचा. यांपैकी एकही गोष्ट खर्चिक किंवा दुर्घट नाही. मात्र त्या सर्व पहिली सर येण्याच्या आत व्हावयास हव्यात.