लसीची इजा एकट्या घराने का सोसायची?

श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार ज्यांच्या अंगवळणी पडला आहे, त्यांना 2022 चा सप्टेंबर आठवत असेल. लम्पीच्या साथीमुळे राज्यभर जनावरांचे बाजार बंद पडले, गोठ्यागोठ्यात लस टोचली गेली आणि रोगाने दगावलेल्या जनावरामागे सरकारी मदत ठरली. गायीला 30 हजार, बैलाला 25 हजार, वासराला 16 हजार. तेवढ्यात दुसरी गाय येत नाही, हे बाजारात कुणीही सांगेल. पण आकडा ठरलेला होता, आणि चूक कुणाची हे शेतकऱ्याला कोर्टात सिद्ध करावं लागत नव्हतं. सार्वत्रिक लसीकरणातल्या लसीने बाळाला गंभीर इजा झाली, तर इतकी साधी तरतूद करणारा कायदा संसदेने आजवर केलेला नाही.

अशी इजा विरळाच. बहुतेक बाळांना एक-दोन दिवस ताप येतो, टोचल्या जागी गाठ धरते, एवढंच. लस टाळण्यात धोका कितीतरी मोठा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. म्हणूनच त्या विरळ घराचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

नोंदीची व्यवस्था आपल्याकडे 1988 पासून आहे. लसीनंतर बाळ दवाखान्यात भरती करावं लागलं किंवा दगावलं, तर आशाताई, सिस्टर किंवा डॉक्टरांनी ते ताबडतोब वर कळवायचं. तालुक्यातून प्रकरण जिल्हा माता व बाल संगोपन अधिकाऱ्याकडे जातं, आणि पुढे राज्य व राष्ट्रीय समिती कारण ठरवते. लसीचाच दोष, देताना झालेली चूक, सुईची भीती, की निव्वळ योगायोगाने त्याच वेळी आलेला दुसरा आजार? काही प्रकरणांत निष्कर्षच निघत नाही.

यातली ‘देताना झालेली चूक’ म्हणजे काय, ते यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसी-कोपरीने पाहिलं. 31 जानेवारी 2021 ला तिथे 12 लहान मुलांना पोलिओच्या डोसऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. सुदैवाने मुलं बरी झाली. गोवर-रुबेला लसीच्या बाटलीवर सिस्टर ती उघडल्याची वेळ लिहितात, तीही अशाच चुकीच्या धास्तीने. पाण्यात कालवलेली ती लस चार तासांनंतर वापरायची नसते. तोवर तिच्यात जंतू वाढले तर बाळाच्या जिवावर बेततं.

चौकशी नीट झाली नाही तर लस बनवणाऱ्यावरही अन्याय होतो. 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला प्लेगची लस घेतलेली 19 माणसं धनुर्वाताने गेली. ठपका आला परळच्या प्रयोगशाळेवर आणि ती लस बनवणाऱ्या वाल्देमार हाफकिनवर. ते निर्दोष ठरायला 1907 उजाडलं.

कारण सापडल्यानंतर मात्र आपल्याकडचा रस्ता संपतो. औषधाच्या किंवा लसीच्या चाचणीत इजा झाली, तर 2019 च्या नियमांत भरपाईचं सूत्रच दिलेलं आहे. जानेवारी 2021 मध्ये कोविडवरच्या कोव्हॅक्सिन लसीला ‘चाचणी स्वरूपात’ परवानगी मिळाली, तेव्हा संमतिपत्रात भरपाईचं कलम होतं. कोविशील्ड घेणाऱ्यांना तसं पत्र नव्हतं. ग्राहक आयोगाचा मार्गही सरकारी केंद्रातल्या लसीसाठी अडतो, कारण सर्वांना मोफत मिळणारी सेवा त्या कायद्याबाहेर आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये ठरवलं. मे 2022 मध्ये त्याच न्यायालयाने लोकांना आणि खासगी डॉक्टरांनाही कोविड लसीचे दुष्परिणाम नोंदवता यावेत, असं सांगितलं. भरपाईबद्दल केंद्राने त्याच वर्षी नोव्हेंबरात भूमिका मांडली, ती अशी: कोविडची लस ऐच्छिक आहे, तक्रार असेल त्याने दिवाणी न्यायालयात जावं.

श्रीगोंद्याच्या एखाद्या ऊसतोड कुटुंबाने दिवाणी दावा लावून लस कंपनीविरुद्ध वैद्यकीय पुरावा कुठून आणायचा? जर्मनीत 1961 पासून, ब्रिटनमध्ये 1979 च्या कायद्याने, कुणाचा दोष सिद्ध न करता पैसे मिळतात. अमेरिकेने 1986 मध्ये कायदा केला; तिथे डोसमधल्या प्रत्येक रोगामागे 75 सेंट कर घेऊन निधी उभा राहतो. लस आपण सगळ्या गावासाठी घेतो. मग तिची झळ ज्या घराला लागली, त्याचा खर्चही सगळ्यांनी उचलावा. आपल्याकडे असा निधी केंद्रानेच उभारायला हवा, कारण सार्वत्रिक लसीकरणाचा कार्यक्रम त्याचाच आहे.

तोवर आईबापांनी माता-बाल संरक्षण कार्ड जपून ठेवावं. टोचल्यावर अर्धा तास केंद्रावरच थांबावं. बाळाला झटका आला, अंग निळं पडलं, ते सलग रडत राहिलं, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. घटना लेखी कळवावी, बाटलीचा बॅच नंबर मागून घ्यावा आणि दवाखान्याच्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरी ठेवावी.